मुरुमांचे खड्डे आणि जुने वण: चेहऱ्यासाठी कोणता वैद्यकीय उपचार निवडावा?

निशिगंध यांचा प्रश्न

नमस्कार. ऐन विशीत मला गाठीसारखे मोठे, दुखरे मुरुम येत असत. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी ते आता पूर्णपणे थांबले आहेत आणि तो कोर्स नुकताच संपला आहे. मुरुम गेले, मात्र मागे राहिलेल्या खुणांचे काय करावे, हे मला ठरवता येत नाही. कानशिलांजवळ सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे आहेत, गालांच्या मध्यभागी स्पष्ट कडांचे गोलसर खड्डे आहेत, आणि जबड्याकडे उतरणाऱ्या भागात त्वचा लाटांसारखी वरखाली झालेली दिसते. समोरून प्रकाश असेल तर ती फारशी जाणवत नाही, पण वरून किंवा बाजूने प्रकाश पडला की लगेच उठून दिसते. यांखेरीज बरेच सपाट तपकिरी डाग आहेत. हनुवटीवर लहानपणी पडल्यामुळे घातलेल्या टाक्यांचा एक रुंद, खोलगट वणही आहे. माझा वर्ण सावळा आहे.

मी दोन ठिकाणी सल्ला घेतला. एकीकडे संपूर्ण चेहऱ्यासाठी फ्रॅक्शनल लेझरची (त्वचेवर असंख्य सूक्ष्म जागीच इजा करणाऱ्या लेझरची) ठरावीक सत्रे एकदम नोंदवायला सांगितले, तर दुसरीकडे लेझरची गरजच नाही, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचण्याचा उपचार) पुरेसे आहे असे सांगितले. दोघांच्याही बोलण्यात आत्मविश्वास होता, पण माझ्या चेहऱ्यावर नेमके कोणत्या प्रकारचे वण आहेत हे मात्र कोणीच समजावून सांगितले नाही. ज्यांना या विषयाची वैद्यकीय माहिती आहे किंवा ज्यांनी असे उपचार घेतले आहेत, त्यांनी कृपया सांगावे की उपचारांची निवड कशावरून करतात, कोणता क्रम योग्य असतो आणि सावळ्या त्वचेने विशेष काय सांभाळावे.

त्वचावैद्य यांचे उत्तर

निशिगंध, तुम्ही तुमच्या वणांचे जे वर्णन केले आहे, त्यातच तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. तुमच्या चेहऱ्यावर एक नव्हे तर तीन निरनिराळ्या प्रकारचे खोलगट वण आहेत आणि त्यांच्या जोडीला डाग आहेत, जे मुळात वण नव्हेतच. या चारही गोष्टींची कारणे त्वचेच्या वेगवेगळ्या थरांत असल्यामुळे एकच यंत्र सगळ्या चेहऱ्यावर फिरवून त्या सर्व सारख्याच सुधारतील, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून माझे स्पष्ट मत आहे की ज्या सल्ल्यात वणांच्या प्रकाराआधी यंत्राचे नाव येते, तो सल्ला अपुरा आहे.

कानशिलांजवळची बारीक छिद्रे म्हणजे ज्यांना ‘आइसपिक’ वण म्हणतात ते असावेत. यांचे तोंड साधारणपणे २ मिलिमीटरपेक्षा अरुंद असते, परंतु ते निमुळते होत अंतस्त्वचेत खोलवर, कधीकधी तिच्या तळापर्यंत गेलेले असतात. फ्रॅक्शनल लेझर आणि मायक्रोनीडलिंग हे दोन्ही उपचार एवढ्या खोलीवर पुरेसे पोहोचत नाहीत, म्हणून पुष्कळ सत्रे होऊनही ही छिद्रे जशीच्या तशी राहिल्याची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. यांच्यासाठी टीसीए क्रॉस ही पद्धत अधिक उपयोगी पडते. तिच्यात ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचे ७० ते १०० टक्के तीव्रतेचे द्रावण टोकदार काडीने फक्त छिद्राच्या आत, अगदी सूक्ष्म प्रमाणात लावतात. काही सेकंदांत ती जागा पांढरी होते, मग खपली धरते, आणि खपली पडल्यानंतरच्या आठवड्यांत आतून नवे कोलॅजेन (त्वचेला भक्कमपणा देणारे प्रथिन) तयार होऊन छिद्र हळूहळू भरत येते. साधारण महिन्याच्या किंवा त्याहून अधिक अंतराने ही प्रक्रिया अनेकदा करावी लागते. द्रावण छिद्राबाहेर सांडले तर भोवतालच्या त्वचेवर काळा किंवा पांढरट डाग उमटू शकतो, प्रसंगी वण रुंदही होतो, म्हणून हे काम अनुभवी हातांनीच व्हायला हवे; याच कारणासाठी हे आम्ल घरी आणून लावण्याचा विचार कोणीही करू नये.

गालांवरचे स्पष्ट कडांचे खड्डे ‘बॉक्सकार’ प्रकारात मोडतात. ते बहुधा १.५ ते ४ मिलिमीटर रुंद असतात. त्यांतले उथळ खड्डे फ्रॅक्शनल लेझरला आणि मायक्रोनीडलिंगला चांगला प्रतिसाद देतात, परंतु ज्यांची खोली अर्ध्या मिलिमीटरहून अधिक असते, त्यांच्या बाबतीत पंच या गोल पात्याच्या छोट्या उपकरणाने खड्ड्याचा तळ मोकळा करून वर उचलणे किंवा तो वण काढून टाकून एखादा बारीक टाका घालणे हा मार्ग अधिक खात्रीचा ठरतो. पंचच्या जागेवरील कडा नंतर लेझरने सारख्या करता येतात.

जबड्याकडच्या लाटा हा प्रकार मात्र पूर्णपणे वेगळा आहे. येथे त्वचेचा पृष्ठभाग जवळजवळ ठीक असतो. अंतस्त्वचेला खालच्या थराकडे ओढून धरणारे तंतुमय पट्टे तयार झालेले असतात आणि त्या ओढीमुळे वर खळगा दिसतो. गादीला मधे मधे टाके घातले की वरचे कापड जसे त्या जागी आत ओढले जाते, तसेच येथे घडते, आणि ते टाके तोडल्याशिवाय कापडाला वरून कितीही घासले तरी खळगा जात नाही. म्हणून या वणांसाठी पहिला उपचार सबसिजन हा असतो. भूल देऊन त्वचेखाली विशिष्ट सुई किंवा बोथट टोकाची बारीक नळी (कॅन्युला) घालतात आणि ते पट्टे सोडवतात. १९९५ साली या पद्धतीचे वर्णन प्रथम प्रसिद्ध झाले आणि आजही या प्रकारच्या वणांसाठी तिची जागा घेणारे यंत्र नाही, असे मला वाटते. सोडवलेला भाग पुन्हा चिकटू नये म्हणून काही वेळा त्याच बैठकीत हायलुरोनिक आम्लाचे फिलर (खळगा भरून काढणारे जेल) भरतात. फिलरचा परिणाम काही महिन्यांनी, बहुधा वर्षभराच्या आत ओसरतो, हे रुग्णाला आधीच सांगितलेले असावे.

घरी करून पाहण्यासारखी एक साधी तपासणी सांगतो. बाजूने प्रकाश येईल अशा ठिकाणी आरशासमोर बसून वणाच्या दोन्ही बाजूंची त्वचा बोटांनी हलकेच ताणावी. ताणल्यावर जो खळगा सपाट होतो तो मध्यम स्वरूपाचा, आणि जो तसाच राहतो तो तीव्र स्वरूपाचा मानण्याची पद्धत वणांच्या एका प्रचलित वर्गीकरणात आहे. ही तपासणी निदानाची जागा घेत नाही, पण डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला स्वतःच्या वणांविषयी नेमकेपणाने विचारता येईल.

आता लेझर आणि मायक्रोनीडलिंग यांविषयी. फ्रॅक्शनल लेझरची संकल्पना २००४ मध्ये मांडली गेली. त्वचेचा संपूर्ण पृष्ठभाग न जाळता सूक्ष्म स्तंभांसारख्या असंख्य जागी उष्णतेची इजा करायची आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची, म्हणजे त्या निरोगी भागातून जखम लवकर भरते, हे तिचे तत्त्व आहे. १०,६०० नॅनोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर आणि २,९४० नॅनोमीटरचा अर्बियम याग लेझर त्वचेचे स्तंभ बाष्परूपाने उडवतात, तर १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचे लेझर पृष्ठभाग न उघडता आतील थर तापवतात. पहिल्या गटाचा परिणाम एका सत्रात अधिक दिसतो, पण त्वचा सावरायला वेळही जास्त लागतो आणि सावळ्या त्वचेत उपचारानंतर काळे डाग पडण्याचा धोकाही अधिक असतो. मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नसते, त्यामुळे तो धोका बराच कमी राहतो. सुयांवाटे रेडिओफ्रीक्वेन्सी ऊर्जा आत सोडणारी यंत्रे या दोहोंच्या मधली आहेत. त्यांत पृष्ठभागाला उष्णता कमी पोहोचते, परंतु चुकीच्या खोलीवर किंवा प्रमाणाबाहेर ऊर्जा दिल्यास भाजणे आणि त्वचेखालची चरबी कमी होणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. म्हणून सावळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये मी बहुतेक वेळा सबसिजन आणि टीसीए क्रॉस आधी करतो, त्यांच्या जोडीला मायक्रोनीडलिंग ठेवतो आणि कार्बन डायऑक्साइड लेझर वापरायचाच झाला तर कमी घनतेने, अधिक अंतराने आणि आधी कानापुढील छोट्या जागेवर चाचणी घेऊन वापरतो.

राहिले तपकिरी डाग. ते मुरुमांच्या दाहामुळे साठलेले रंगद्रव्य असते. काही महिन्यांत, कधी वर्षाहून अधिक काळाने, ते आपोआप फिके होतात. ॲझेलेइक आम्ल किंवा रेटिनॉइडयुक्त (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातील औषधाचे) मलम यांनी त्याला गती मिळते. मात्र रोजच्या सनस्क्रीनशिवाय यांतले काहीही टिकत नाही. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशानेही रंगद्रव्य वाढते, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाशी मिळतेजुळते सनस्क्रीन निवडावे. डाग कमी झाले की निम्मे वण कमी झाल्यासारखे अनेकांना वाटते, इतका त्यांचा दिसण्यावर परिणाम असतो.

पाऊलवाट यांचे उत्तर

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, परंतु निशिगंध यांनी सांगितले तसेच मिश्र प्रकारचे वण माझ्या दोन्ही गालांवर होते आणि सबसिजन व मायक्रोनीडलिंग हे दोन्ही उपचार मी घेतले आहेत, म्हणून उपचारानंतरच्या दिवसांविषयी लिहिते. उपचार सुरू होण्यापूर्वी या गोष्टी कोणी मनमोकळेपणाने सांगितल्या तर मनाची तयारी चांगली होते.

सबसिजनच्या वेळी भूल दिलेली असल्यामुळे वेदना फारशी नव्हती, मात्र त्वचेखाली काहीतरी तुटत असल्याचा करकर असा आवाज जाणवतो आणि त्याने मन घाबरते. त्यानंतर गाल सुजतात आणि निळेजांभळे होतात. ती सूज आणि तो रंग जायला आठवडा किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणून घरात समारंभ किंवा कामाच्या ठिकाणी महत्त्वाची बैठक जवळ असताना हा उपचार घेऊ नये. काही ठिकाणी त्वचेखाली वाटाण्यासारख्या गाठी लागल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या काही आठवड्यांत विरल्या. मायक्रोनीडलिंग त्या मानाने पुष्कळच सोपे होते. आधी भूल आणणारे मलम लावतात आणि नंतर दोनतीन दिवस उन्हाने भाजल्यासारखा लालपणा राहतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की सुरुवातीच्या सुजेमुळे खड्डे भरल्यासारखे दिसतात, मन आनंदते, आणि सूज ओसरली की सगळे पूर्ववत झाल्यासारखे वाटून निराशा येते. खरी सुधारणा त्यानंतर सावकाश येते, कारण कोलॅजेन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. माझ्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी एकाच खिडकीजवळ, एकाच कोनातून छायाचित्रे घेतली होती; रोज आरशात पाहून जो फरक मला कधीच दिसला नसता, तो त्या छायाचित्रांत मला दिसला. वण पूर्ण गेलेले नाहीत. जबड्याकडच्या लाटा मात्र खूपच कमी झाल्या आहेत, आणि दिव्याखाली बसताना चेहरा वळवून घेण्याची माझी सवय सुटली, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

शल्यशाखा यांचे उत्तर

मी प्लॅस्टिक सर्जन आहे, म्हणून केवळ हनुवटीच्या वणाविषयी लिहितो. मुरुमांच्या खड्ड्यांविषयी त्वचावैद्य यांनी सविस्तर सांगितले आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे.

अपघाताचा वण आणि मुरुमाचा वण यांत एक मूलभूत फरक आहे. अपघाताच्या वणात जखमेची दिशा, तिच्यावर पडणारा ताण आणि टाके कोणत्या थरांत घातले होते, यांवर त्याचे रूप ठरते. हनुवटीवरचे जुने वण बहुधा रुंद आणि खोलगट होतात, कारण तेथील त्वचा खालच्या स्नायूमुळे सतत हलत असते आणि फक्त वरच्या थरात टाके घातलेले असल्यास तो ताण सांभाळला जात नाही. अशा वणावर लेझर फिरवून रुंदी कमी होत नाही. स्थानिक भूल देऊन जुना वण काढणे, आतील थर विरघळणाऱ्या टाक्यांनी घट्ट जोडून ताण त्यांच्यावर घेणे आणि वरची कड अत्यंत बारीक टाक्यांनी जुळवणे, हा त्याचा योग्य उपचार आहे. चेहऱ्यावरचे वरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात, म्हणजे टाक्यांच्या स्वतःच्या खुणा राहत नाहीत.

वण त्वचेच्या नैसर्गिक रेषांना आडवा जात असेल तर तो सरळ काढून पुन्हा सरळच शिवणे पुरेसे होत नाही. तेव्हा झेड-प्लास्टीसारख्या (इंग्रजी Z च्या आकारात छेद घेण्याच्या) रचनेने त्याची दिशा बदलतात. ६० अंशांच्या झेड-प्लास्टीत मधली रेषा जवळजवळ काटकोनात वळते आणि वणाची लांबी तत्त्वतः ७५ टक्क्यांनी वाढते, म्हणून ओठ किंवा पापणी ओढून धरणाऱ्या वणांत ती विशेष उपयोगी असते. लांब सरळ वण डोळ्यांत भरतो, म्हणून कधी त्याला छोट्या नागमोडी तुकड्यांत मोडतात. तुकड्यांवर पाहणाऱ्याची नजर ठरत नाही. तुमच्या हनुवटीसाठी यांपैकी कशाची गरज आहे, हे वणाच्या दिशेवरून ठरेल.

शस्त्रक्रियेनंतर नवा वण आधी लाल आणि किंचित कडक होतो. तो परिपक्व व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते, आणि परिपक्व झाल्यावरही त्याची ताकद मूळ त्वचेच्या ८० टक्क्यांच्या आसपासच राहते. या काळात सिलिकॉन जेल किंवा पट्टी नियमित लावल्यास वण उंच होण्याची शक्यता कमी होते. तुमचा आजचा जुना, खोलगट वण मात्र सिलिकॉनने सुधारणार नाही. त्यावर खर्च करू नका.

आणखी एक विनंती आहे. तुमच्या अंगावर कोठेही, विशेषतः छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचलेल्या जागी, जखमेच्या सीमेबाहेर वाढत गेलेला गाठीसारखा वण असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. केलॉइडची, म्हणजे अशा वाढत जाणाऱ्या वणांची, प्रवृत्ती असलेल्या रुग्णात वण नुसता कापून काढला तर तो पुन्हा, बऱ्याचदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन उगवतो. तेथे ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने, शीतोपचार आणि शस्त्रक्रियेला जोडून द्यायचे इतर उपाय यांचा विचार वेगळ्या रीतीने करावा लागतो.

निशिगंध यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताणून पाहण्याची तपासणी मी केली. जबड्याकडच्या लाटा आणि गालांवरचे काही खड्डे ताणल्यावर सपाट झाले, बाकीचे झाले नाहीत. कान टोचलेल्या जागी कधी गाठ आलेली नाही. दोन शंका उरल्या आहेत. आयसोट्रेटिनॉइन संपल्यावर सहा महिने कोणतीही प्रक्रिया करू नये, असे मला सांगितले गेले. ते सर्वच उपचारांना लागू आहे का? आणि तोपर्यंत घरी वापरायचा डर्मारोलर (बारीक सुया असलेला रोलर) आणला तर चालेल का?

त्वचावैद्य यांचे उत्तर

सहा महिन्यांचा नियम पूर्वी सरसकट पाळला जाई, कारण गोळ्या चालू असताना केलेल्या डर्माब्रेजननंतर (त्वचेचा वरचा थर घासून काढल्यानंतर) काही रुग्णांत असामान्य वण आल्याचे जुने अहवाल होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार उपलब्ध पुरावा पाहता वरवरचे केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) किंवा पृष्ठभाग न उघडणारे फ्रॅक्शनल लेझर यांसाठी एवढे थांबण्याचे कारण दिसत नाही. यांत्रिक डर्माब्रेजन आणि संपूर्ण पृष्ठभाग जाळणारे लेझर यांच्यासाठी मात्र सहा महिने थांबावे, हा सल्ला कायम आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांना गोळ्या कधी थांबल्या ते नेमके सांगा आणि कोणता उपचार ठरतो आहे त्यानुसार निर्णय घ्या. मध्यंतरीचा काळ वाया जात नाही: डागांवरचे मलम, सनस्क्रीन आणि मुरुम परत येत नाहीत ना याची खात्री ही कामे याच काळात करायची असतात, कारण नवे मुरुम येत राहिले तर नवे वणही येत राहतील.

घरगुती डर्मारोलर आणू नका, असे मी आग्रहाने सांगेन. वणांसाठी आम्ही साधारण १.५ ते २.५ मिलिमीटर लांबीच्या सुया वापरतो, निर्जंतुक परिस्थितीत आणि भूल देऊन. घरी मिळणाऱ्या अगदी आखूड सुया अंतस्त्वचेत उपयोगी पडेल इतक्या खोल जात नाहीत, आणि लांब सुया घरी वापरल्या तर संसर्ग, ओरखड्यांसारखे नवे वण आणि काळे डाग हा धोका खरा आहे. रोलर फिरवण्यापूर्वी लावलेले सीरम त्वचेच्या आत ढकलले जाऊन कायमच्या बारीक गाठी झालेल्या रुग्णांवर उपचार करणे फार अवघड असते.

तुम्हाला ओठांवर वारंवार तापाचे फोड येत असतील तर तेही आधी सांगा. पृष्ठभाग उघडणाऱ्या लेझरनंतर हर्पिसचा (याच फोडांच्या विषाणूचा) संसर्ग साऱ्या चेहऱ्यावर पसरू शकतो आणि तो टाळण्यासाठी विषाणूरोधक गोळ्या आधीपासून सुरू करतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढे अवश्य विचारा: माझ्या कोणत्या वणासाठी कोणता उपचार आहे, एकूण किती सुधारणा अपेक्षित आहे, आणि माझ्यासारख्या वर्णाच्या रुग्णांची उपचारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे दाखवता येतील का. सत्रे एकदम नोंदवायला सांगितली तर पहिल्या सत्रानंतर निदान सहा आठवड्यांनी त्वचा पाहून पुढचे ठरवू, असे सांगायला संकोच करू नका.